चरणजित सिंगांना मान द्या, शिकागोला चोर म्हणू नका

गणपती जवळ आले आणि कोल्हापुरात डॉल्बीचा विषय निघाला, की मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचा सारांश असा: इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक 1982 मध्ये मुंबईत चरणजित सिंगांनी जन्माला घातलं, पाच वर्षांनी शिकागोने ते चोरलं आणि गोऱ्यांनी श्रेय दाबलं.

ज्या रेकॉर्डवर हा दावा उभा आहे, ती खरी आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या या वादकाने रोलँड या जपानी कंपनीच्या 808 (तालाचं यंत्र) आणि 303 (बेसचं सिंथेसायझर) या यंत्रांवर भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. आजही ऐकताना थक्क व्हायला होतं.

पण जन्म 1982 चा कसा? म्युनिकमध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडरने गायिका डोना समरचं 'आय फील लव्ह' हे गाणं सिंथेसायझरवर उभं केलं ते 1977 मध्ये. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा संगीतकार हुआन ॲटकिन्स याची 'सायबोट्रॉन' या नावाने पहिली रेकॉर्ड आली 1981 मध्ये. आणि सिंगांच्या रेकॉर्डच्या नावातच 'डिस्को बीट' आहे. तो ठेका कुठून आला, हे त्यांनी लपवलेलं नाही.

चोरीचा आरोप तर टिकतच नाही. रेकॉर्ड फारशी खपली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाने 2010 मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा जगाला कळली. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटातल्या पोरांना जुनं 303 मिळालं. ते नॉब फिरवत बसले, त्यातून 'ॲसिड ट्रॅक्स' हे गाणं निघालं आणि 1987 मध्ये छापलं गेलं. दोन्हीकडचा आवाज सारखा लागतो, कारण यंत्र एकच, 303. गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून रोलँडने ते बनवलं होतं; ते चाललं नाही, 1984 पर्यंत त्याचं उत्पादन बंदही झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं.

'गोऱ्यांनी' या शब्दाचा मला सर्वात जास्त राग येतो. शिकागोच्या ज्या 'वेअरहाउस' क्लबवरून तिथल्या या नाचाच्या संगीताला हाउस हे नाव पडलं, तिथे 1977 पासून रेकॉर्ड लावणारा फ्रँकी नकल्स कृष्णवर्णीय आणि समलिंगी होता. नाचणारेही बहुतेक तसेच. त्याच शहरात जुलै 1979 मध्ये भर स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या गेल्या. पुढे ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्यांची लाट आली आणि आज अनेकांना हे संगीत युरोपचंच वाटतं. ज्यांचं श्रेय आधीच गेलं, त्यांनाच आपण चोर ठरवतोय.

 

कोल्हापूरला हे समजायला अवघड जाऊ नये. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँनी इथेच शिष्य घडवले, तरी घराणं जयपूर-अत्रौलीच. गायकी एका गळ्यातून दुसऱ्यात उतरते तेव्हा घराणं होतं. शिकागोत तसं घडलं: नकल्सनंतर डीजे रॉन हार्डी, त्याच्या 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये नाचणारी पोरं, मग त्यांच्याच रेकॉर्ड. चरणजित सिंगांचा धागा पुढे कुणी धरला नाही, कारण आपण ती रेकॉर्ड घेतलीच नाही. 2010 नंतर युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले, 2015 मध्ये ते गेले. हिंदी गाण्यांत वाजवणाऱ्या अशा किती वादकांची नावं कव्हरवर छापली गेली, हा हिशेब मुंबईकडे मागायचा आहे, शिकागोकडे नाही.