म्हणे ‘एकही शाळा एक दिवस बंद पडली नाही’!

परवा रात्री साडेनवाला भाचीचा फोन. आठवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करत होती. “मावशी, ऐक ना,” म्हणून सुरू झाली आणि तिसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. हे कुठून आणलंस? तर आजोबांच्या व्हॉट्सॲपवरून. आजोबा म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, तात्या. तात्यांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या फॉरवर्डबद्दल नाही. आजवर मी ते न वाचता पुसत आले. पण आता ते पोरीच्या भाषणात शिरलं म्हटल्यावर गप्प बसवेना.

मजकूर थोडक्यात असा. वर मथळा, ‘अमेरिकेने एका दिवसात करून दाखवलं!’ खाली मुद्दे. १९५४ मध्ये कोर्टाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी काळी-गोरी मुलं एका बाकावर बसली, कोणी दगडही उचलला नाही. त्याआधी शाळा वेगळ्या होत्या, पण सोयी सारख्याच. काळ्या समाजाने ना संप केला ना मोर्चा, न्यायाधीशांच्या मोठ्या मनाने सगळं मिळालं. जो काही थोडा विरोध झाला तो दक्षिणेतल्या मागास भागात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाड अक्षरांत: ‘समंजस समाजाने मुलांच्या शिक्षणाचं नुकसान होऊ दिलं नाही, एकही शाळा एक दिवस बंद पडली नाही.’ म्हणूनच, म्हणे, महात्मा फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेला अर्पण केलं. सोबत फोटो: गोड फ्रॉक घातलेली एक चिमुरडी शाळेच्या पायऱ्या उतरतेय, भोवती कोटातले साहेब. फोटोखाली ‘सन्मानाने स्वागत’.

फुल्यांचं आधी उरकते. अर्पणपत्रिका खरी आहे. पण ‘गुलामगिरी’ आली १८७३ साली, आणि ती अर्पण केली होती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. जोतीराव गेले १८९० मध्ये. ‘वेगळं ठेवलं तरी चालेल, सोयी समान असल्या की झालं’ हा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला १८९६ मध्ये. १९५४ च्या निकालाचं कौतुक जोतीरावांनी ८१ वर्षं आधी कसं केलं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच माहीत.

आता ‘एका दिवसात’. तारीख बरोबर आहे, एवढं पदरात टाकते. १७ मे १९५४ ला ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की सरकारी शाळांत वंशावरून मुलं वेगळी बसवणं घटनेविरुद्ध आहे. पण कधीपर्यंत बंद करायचं, हे त्यात नव्हतंच. त्यासाठी कोर्टाने आणखी एक वर्ष घेतलं आणि ३१ मे १९५५ ला जो आदेश दिला त्यातही तारीख नाही. शब्द होते साधारण असे: ‘विचारपूर्वक, पण शक्य त्या गतीने’. सरकारी कचेरीत एकदा तरी अर्ज दिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे त्याला ‘यथावकाश’ म्हणतात. पुढच्याच वर्षी, मार्च १९५६ मध्ये, अमेरिकी संसदेच्या १०१ सदस्यांनी सह्या करून निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. १९६४ उजाडलं तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात एखाद-दुसरं होतं. दहा वर्षांत. फॉरवर्डमध्ये एका दिवसात.

पण माझं डोकं फिरलं ते जाड अक्षरांतल्या वाक्याने. खोटं बोलायलाही काही मर्यादा असते.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्यासारखी समजा, मुख्य गाव फार्मविल. काळ्या मुलांसाठी तिथे मोटन हायस्कूल होतं. बांधलेलं १८० मुलांसाठी, १९५१ पर्यंत पट साडेचारशेवर गेला. जादा मुलांसाठी इमारत बांधायची सोडून काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. पाऊस आला की गळायच्या. थंडीत मध्ये एक शेगडी, तिच्या शेजारचं पोर भाजून निघायचं आणि कोपऱ्यातलं अंगात कोट घालून लिहायचं. लोक त्या खोल्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना फोन आला की तुमची काही मुलं बसस्टँडवर गोत्यात आलीत, लवकर या. ते धावले. फोन खोटा होता. मागे वर्गावर्गात निरोप फिरला, सगळ्यांनी सभागृहात जमा. पडदा सरकला तेव्हा समोर मुख्याध्यापक नव्हते, १६ वर्षांची बार्बरा जॉन्स उभी होती. शिक्षकांना तिने बाहेर जायला सांगितलं आणि मुलांना म्हणाली, नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचं नाही. संप दोन आठवडे चालला. वकील आले, त्यांनी अट घातली: नुसत्या चांगल्या इमारतीसाठी नाही, वेगळ्या शाळाच बंद करा म्हणून भांडणार असाल तर आम्ही उभे राहतो. पालक तयार झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. १९५४ मध्ये जे खटले एकत्र ऐकले गेले त्यांतला हा एक. तेव्हा ‘ना संप ना मोर्चा’ हेही इथेच निकालात निघालं. त्या ऐतिहासिक निकालातला एक खटला शाळकरी पोरांच्या संपातून उभा राहिलेला आहे.

मग निकाल लागला. काउंटीने काय केलं? पाच वर्षं चालढकल केली, आणि १९५९ मध्ये आता काळी मुलं घ्यावीच लागणार असं वरच्या कोर्टाने सांगितल्यावर शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. कर लावला नाही, शाळांना कुलपं. एका शाळेला नाही, काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना. गोऱ्यांनी वर्गणी काढून खाजगी शाळा उघडली. पुढे तिथल्या फीसाठी सरकारी अनुदान आणि करात सूटही मिळाली. म्हणजे सरकारी शाळेला द्यायला पैसे नाहीत, पण खाजगी शाळेत जाणाऱ्याला आहेत. (हे वाचून ओळखीचं वाटलं तर दोष माझा नाही.) काळ्यांनाही ‘तुमची वेगळी खाजगी शाळा काढून देतो’ असं सांगून पाहिलं. त्यांनी नको म्हटलं आणि कोर्टात गेले.

सुमारे १,७०० काळ्या मुलांना शाळा उरली नाही. काही पालकांनी मुलं दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवली, काहींना परराज्यांतल्या अनोळखी कुटुंबांनी घरी ठेवून घेतलं. चर्चच्या तळघरांत बायकांनी जमेल तसं अक्षर-गणित शिकवलं. बाकीची शेतावर. हे किती दिवस? चार वर्षं. १९६३ मध्ये देणग्यांवर तात्पुरत्या मोफत शाळा उघडल्या, आणि काउंटीच्या शाळा उघडल्या त्या १९६४ च्या शरद ऋतूत. १९५९ मध्ये पहिलीत जायला निघालेलं पोर तोवर अकरा वर्षांचं झालं होतं.

तात्या म्हणतील, हे तू कुठे वाचलंस. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वाचलं, तात्या. २५ मे १९६४, ‘ग्रिफिन’ खटला, याच काउंटीविरुद्धचा. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलाय, आणि हे गृहस्थ स्वतः दक्षिणेतल्या अलाबामाचे, तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे सभासद राहिलेले, तेव्हा त्यांच्यावर काळ्यांची बाजू घेतल्याचा आळ तरी कोणी घेऊ नये. त्यांनी सरळ लिहिलं की या शाळा एकाच कारणासाठी बंद केल्या, फक्त एकाच: काहीही झालं तरी काळी आणि गोरी मुलं एका शाळेत जाऊ नयेत. आणि त्या ‘विचारपूर्वक गती’बद्दल लिहिलं की विचार फार झाला, गती पुरेशी झाली नाही. आपल्याच कोर्टाच्या शब्दांची कोर्टाने केलेली ही कानउघाडणी. निकाल कोणालाही वाचता येतो. फॉरवर्ड करण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

आणि हे एकट्या प्रिन्स एडवर्डचं नाही. १९५८ मध्ये व्हर्जिनियातच नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीत गव्हर्नरने शाळा बंद केल्या. अर्कान्सासमधल्या लिटल रॉक शहरात १९५८-५९ हे अख्खं वर्ष सरकारी हायस्कुलं बंद होती. त्याच्या आदल्या वर्षी तिथे नऊ काळ्या मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी गव्हर्नरने शिपाई उभे केले होते, आणि त्यांना वर्गात नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कराची छत्रीधारी तुकडी पाठवावी लागली, हजाराच्या आसपास जवान. त्या नऊ जणांतली एलिझाबेथ एकफर्ड १५ वर्षांची. घरी फोन नव्हता, म्हणून ‘सगळे मिळून जाऊ’ हा निरोप तिला पोचलाच नाही. स्वतः शिवलेला नवा झगा घालून एकटी गेली. शिपायांनी अडवलं, मागे जमाव, कोणी ‘फाशी द्या’ ओरडतंय. ती चालत बसथांब्याच्या बाकापर्यंत आली आणि तिथे बसून राहिली. ‘कोणी दगडही उचलला नाही.’

सोयी सारख्या होत्या का? इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. कॅन्सासमधल्या टोपेका गावात, जिथल्या ब्राउन कुटुंबाचं नाव खटल्याला लागलं, तिथे इमारती आणि शिक्षक बऱ्यापैकी तोडीस तोड होते, हे खालच्या कोर्टानेही नोंदवलंय. फॉरवर्डवाल्याने बहुधा तेवढंच उचललं. काळ्यांच्या शाळांत जीव ओतून शिकवणारे शिक्षक होते हेही खरं, आणि शाळा एकत्र झाल्यावर त्यांच्यापैकी हजारोंना काढून टाकलं गेलं, ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. पण टोपेका म्हणजे सगळी अमेरिका नव्हे. त्याच निकालातली साउथ कॅरोलायनाची क्लॅरेंडन काउंटी बघा: १९४९-५० मध्ये गोऱ्या मुलामागे वर्षाचा खर्च १७९ डॉलर, काळ्या मुलामागे ४३. गोऱ्यांच्या मुलांसाठी तीस बस, काळ्यांच्या मुलांसाठी शून्य. तिथल्या लोकांची पहिली मागणी एकत्र शाळेची नव्हतीच, एका बसची होती. पुढे समान सोयी मागणाऱ्या अर्जावर सही केल्याबद्दल हॅरी ब्रिग्जची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, बायकोची मोटेलमधली. पुढाकार घेणाऱ्या पाद्री जोसेफ डिलेन यांचं घर जळलं, पुढे चर्च जळलं, शेवटी त्यांना राज्य सोडावं लागलं. न्यायाधीशांचं मन मोठं असेलही. कोर्टाची पायरी चढायची किंमत ही होती.

‘फक्त दक्षिणेत’ यावर एक शब्द पुरे: बॉस्टन. १९७४ च्या सप्टेंबरात उत्तरेतल्या या शहरात काळ्या मुलांच्या शाळेच्या बसवर दगड आणि बाटल्या पडल्या. ज्या वस्तीत पडल्या तिचं नाव साउथ बॉस्टन आहे. तेवढ्यावरून कोणी दक्षिण म्हणत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

राहिला फोटो. ती रूबी ब्रिजेस. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स, वय सहा. भोवतीचे साहेब स्वागताला आलेले नाहीत, ते केंद्र सरकारचे मार्शल आहेत, कारण त्यांच्याशिवाय ती जिवंत आत पोचेल याची खात्री नव्हती. फोटोच्या चौकटीबाहेर बायका किंचाळत होत्या. पुढे एकीने छोट्या शवपेटीत काळी बाहुली घालून आणली होती. दुसरी रोज विष घालायची धमकी द्यायची, म्हणून रूबीने घरून आणलेलंच खायचं असा नियम झाला. गोऱ्या पालकांनी मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या एका शिक्षिकेने तिला वर्षभर शिकवलं, वर्गात ती एकटीच. वडिलांची नोकरी गेली. हे ‘सन्मानाने स्वागत’.

तात्यांना मी हे सगळं लिहून पाठवलं, घरच्या ग्रुपवर नाही, एकट्यांना. दोन निळ्या खुणा आल्या, मग हात जोडलेलं चित्र. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फॉरवर्डबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “त्या चार वर्षांतल्या पोरांचं पुढं काय झालं गं?” मी सांगितलं की व्हर्जिनिया सरकारने २००४ मध्ये त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, म्हणजे ती पोरं पन्नाशी-साठीला आल्यावर. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तिला भाषणात हे घ्यायला सांग.

भाचीची अडचण वेगळीच. भाषणाला वेळ तीन मिनिटं, आणि जुनं भाषण तिचं तोंडपाठ झालेलं. “सुरुवात कुठून करू?” म्हणाली. मी म्हटलं, खोट्या फोनपासून.