एका ‘टक्’चा पाठलाग

ज्या घरात एखाद्याला व्हिडिओ कापता-जोडता येतो, त्या घरातील प्रत्येक साठी, पंच्याहत्तरी आणि डोहाळजेवण ही त्याची वैयक्तिक परीक्षा असते. आत्याच्या पंच्याहत्तरीला सगळ्या नातेवाइकांच्या शुभेच्छांचा एक व्हिडिओ करायचा, असे मला वगळून सर्वांनी एकमताने ठरवले आणि नागपूर, बडोदे व न्यू जर्सी येथून आलेले तुकडे माझ्या संगणकात येऊन पडले. चित्राने फारसा त्रास दिला नाही. कोणी आडवे, कोणी उभे, तर कोणी केवळ कपाळापर्यंत दिसत होते, पण ते नात्यात चालते. आवाजाने मात्र छळ मांडला. दोन तुकड्यांच्या सांध्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज येई. तो एकदा ऐकला की माणूस शुभेच्छा ऐकेनासा होतो आणि पुढच्या ‘टक्’ची वाट पाहत बसतो.

बाबांनी स्पीकरला बाजूने थापटी मारण्याचा सल्ला दिला. त्यांच्या काळातील रेडिओ याच उपचाराने बरे होत असल्यामुळे त्यांचा त्यावर अढळ विश्वास आहे. “मला तर काहीच ऐकू येत नाही,” असे सांगून आईने प्रश्न तिच्यापुरता निकालात काढला.

‘टक्’ ऐकायला एकच असली तरी तिची घराणी निरनिराळी असतात, हा या प्रकरणातील खरा वैताग. सांध्यावरची ‘टक्’ हे त्यातील सर्वांत प्रतिष्ठित घराणे. व्हिडिओतील आवाज साधारणपणे सेकंदाला 48,000 नमुने, म्हणजे लाटेच्या उंचीची क्षणाक्षणाची मोजमापे, या हिशेबाने साठवलेला असतो आणि ते नमुने ओळीने मांडले की शून्याच्या रेषेवर-खाली हेलकावणारी लाट दिसते. नागपूरच्या काकांचे वाक्य लाटेच्या माथ्यावर कापले आणि त्याला बडोद्याच्या मावशींची तळाशी असलेली लाट जोडली, तर स्पीकरच्या पडद्याला एका नमुन्याच्या अवधीत वरून खाली उडी घ्यावी लागते. अंधारात जिन्याची शेवटची पायरी संपल्याचे न कळता टाकलेले पाऊल जसे आदळते, तशी ती उडी कानावर आदळते. कात्री लाटेच्या शून्यावरच चालवावी, हा शास्त्रशुद्ध उपाय झाला, आणि ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये तर केवळ ‘झेड’ हे बटण दाबून निवडीच्या कडा जवळच्या शून्यावर नेता येतात. व्हिडिओ कापणारी कात्री मात्र बहुधा चित्राच्या फ्रेमवरच थांबते. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये आवाजाचे 1,920 नमुने बसतात आणि त्यातील नेमका शून्यावरचा नमुना आपल्या वाट्याला येणे हा निव्वळ ग्रहयोग होय. म्हणून शहाण्या माणसाने सांध्यावर एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे काका हळूच उतरतात, मावशी हळूच चढतात आणि कोणाचेही पाऊल आदळत नाही.

दुसरे घराणे मायावी. तेथे ‘टक्’ फाइलमध्ये नसतेच. संगणक दमलेला असतो. बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाज साठवायची छोटी टाकी, 256 नमुन्यांचा ठेवला की पुढचा आवाज तयार करायला त्याला जेमतेम 5 मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात जमले नाही की तो मध्येच अडखळतो. ओळखायची खूण सोपी आहे: तोच भाग पुन्हा वाजवावा, ‘टक्’ जागा बदलत असेल तर दोष संगणकाचा आणि त्याच अक्षरावर येत असेल तर दोष आवाजाचा.

न्यू जर्सीच्या चुलतभावाने आपल्या शुभेच्छा स्वतंत्र रेकॉर्डरवर, सेकंदाला 44,100 नमुन्यांनी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. हा आकडा सीडीचा. आणि गंमत अशी की तो जन्मला व्हिडिओच्याच पोटी. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत. सेकंदाला 60 फील्ड (म्हणजे अर्ध्या फ्रेम), प्रत्येक फील्डच्या 245 रेषा आणि प्रत्येक रेषेत 3 नमुने, यांचा गुणाकार बरोबर 44,100 भरतो. व्हिडिओने पुढे स्वतःसाठी 48,000 चा संसार थाटला आणि या दोघांना एकत्र नांदवण्याचे काम आपल्या गळ्यात आले. रूपांतर न करता हिशेब चुकला तर काळी एकमध्ये बोलणारा भाऊ पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कोठेतरी बोलू लागतो, आणि रूपांतर ओबडधोबड झाले तर बारीक टकटक सुरू होते. म्हणून सगळे तुकडे आधीच 48,000 वर आणून घेतलेले बरे.

राहता राहिला एक्सपोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढणे. आवाजाची शिखरे शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला, टेकवून ठेवली की एएसी या फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात दाबताना ती किंचित वर उसळतात आणि माथा छाटला जाऊन चरचरतात. एखादा डेसिबल मोकळा सोडला की भागते. पण एवढे समजेपर्यंत पट्टी पुन्हा पुन्हा शून्य टक्क्यांपासून शंभरापर्यंत सरकताना पाहणे, हा संयमाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे.

तरीही नागपूरच्या काकांच्या तुकड्यात, कोठलाही सांधा नसताना, तीन-चार ठिकाणी ‘टक्’ उरलीच. जागा बदलत नव्हती, शिखरे छाटलेली नव्हती. तेव्हा ‘डी-क्लिक’ नावाचे हत्यार उपसले. आवाजातील क्षणिक, अणकुचीदार उसळ्या शोधून तेथे शेजारच्या लाटेवरून ठिगळ लावणे, एवढेच त्याला ठाऊक असते. तबल्याची किनार आणि तारेतील बिघाड यांत त्याला भेद करता येत नाही. काकांचा तुकडा मात्र तळ्याच्या पाण्यासारखा स्वच्छ झाला.

समारंभात आत्याने सारा व्हिडिओ कौतुकाने पाहिला. काकांपाशी मात्र तिच्या कपाळावर आठी पडली.

“अरे, दादा सुपारी कातरतोय हे दिसतंय, पण अडकित्त्याचा आवाज कुठं गेला?”

त्याच रात्री मूळ तुकडा परत बसवला, दोन्ही टोकांना दोन-दोन फ्रेमचा क्रॉसफेड दिला आणि एक्सपोर्टचे बटण दाबले. पट्टी चार टक्क्यांवर असतानाच बाबा स्पीकरजवळ येऊन उभे राहिले.