‘कुत्रा आपलं आपण बघतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘कुत्रा पाळण्याचा बाऊ करू नका’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. सारांश असा : कुत्र्याला निसर्गानं सगळं शिकवलेलं असतं, तो स्वतःचं स्वतः बघतो. लशी, तपासण्या, शस्त्रक्रिया हा सगळा पैसे काढायचा धंदा. आणि कुत्रा बिघडलाच, तर मालकाचा धाक कमी पडला म्हणून. त्याखाली ‘अनुभवाचे बोल’. नवं पिल्लू घरी आलेले लोक तो भक्तिभावानं पुढे ढकलतात.

लिहिणारा कुत्र्यांचा वैरी नसावा. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा माणसाचं एखादं काम वाचवतो आणि त्याची वसुली कुत्र्याकडून होते. एकेक घेऊ. काही मुद्दे दोन ओळींत निकाली निघतात, काहींना वेळ द्यावा लागेल.

‘नासधूस केली की त्याला स्वतःलाच कळतं. चेहरा अपराधी होतो. तिथे नेऊन नाक घासा.’

कान मागे, मान खाली, नजर चोरलेली, शेपूट पायांत. हा चेहरा पाहिला नाही असा कुत्रेवाला नसेल. पण तो चेहरा कशामुळे होतो, हे अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली तपासून पाहिलं. मालकानं ‘खाऊ खायचा नाही’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला खाऊ मिळे, कधी नाही. परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं जाई, कधी खोटं. निष्कर्ष सरळ होता : कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता, मालक रागावला की नाही याच्याशी होता. उलट काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्त ‘अपराधी’ दिसले. म्हणजे आपण ज्याला कबुलीजबाब समजतो, ती ‘मारू नका’ अशी विनवणी असते.

मग नासधूस कशासाठी? इथे दोन अगदी वेगळे कुत्रे आहेत आणि मेसेज दोघांना एकाच दांडक्यानं हाणतो. एक कंटाळलेला. तो तुम्ही गेल्यावर भांड्यातलं खातो, झोप काढतो, उठल्यावर वेळ जात नाही म्हणून चप्पल शोधतो. दुसरा घाबरलेला. त्याचा धुमाकूळ बहुधा तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेवा, लगेच कळेल. कुलूप फिरल्याचा आवाज आला की तो दाराशी येतो, तिथून हलत नाही. धापा टाकतो, थंडीतही. फरशीवर लाळेचं थारोळं. चौकटीवर पंजांच्या उंचीवर ओरखडे, कधी नख तुटून रक्त. आणि आवडीच्या खाण्यानं भरलेलं भांडं जसंच्या तसं.

या दुसऱ्या कुत्र्याला तुम्ही परतल्यावर मारलंत, तर त्याला एवढंच कळतं की एकटं राहणं वाईट आणि तुमचं परत येणंही वाईट. त्याला शिकवायचं ते उलट्या टोकापासून : आधी काही सेकंदच दाराबाहेर, तो घाबरायच्या आत परत. मग मिनिटं, मग जास्त. यात आठवडे जातात, कंटाळा येतो, आणि तेवढ्या काळात त्याला तासन्‌तास एकटं ठेवता येत नाही, ही खरी अडचण असते. शेजारी, नातेवाईक, पगारी सांभाळणारा, कुणीतरी धरावा लागतो. भीती फार असेल तर व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, क्लोमिप्रामिनसारखी औषधं देतात. ती गुंगीची औषधं नव्हेत.

नाक घासण्याबद्दल आणखी एक. यानं पिल्लू ‘घरात शू करायची नाही’ हे शिकत नाही. ‘या माणसासमोर शू करायची नाही’ हे मात्र पक्कं शिकतं. मग सोफ्यामागे करतं आणि बाहेर पट्टा धरून उभ्या असलेल्या तुमच्यासमोर तासभर करतच नाही. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की उचलून बाहेर न्यायचं आणि झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्यायचा, एवढंच ते शास्त्र. आणि वर्षानुवर्षं घर स्वच्छ ठेवणाऱ्या मोठ्या कुत्र्यानं अचानक घरात शू केली, तर ती खोडी समजू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, यांतलं काहीही असू शकतं. लघवीची तपासणी करा.

‘कळपाचा म्होरक्या तुम्हीच व्हा. गुरगुरला तर पाठीवर लोळवून दाबून धरा.’

हे म्होरक्याचं खूळ लांडग्यांवरून आलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण छापलं. कुठकुठले लांडगे एका कुंपणात कोंडलेले. ते भांडणारच. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या लेखनातून हा विचार घरोघरी पोचला आणि रानातल्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं फिरल्यावर त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. ज्यांच्या नावावर हे खूळ खपतं त्यांनीच ते सोडून दिलं. मेसेजवाल्यांपर्यंत बातमी पोचायची आहे.

त्याहून महत्त्वाचं : गुरगुरणं ही कुत्र्यानं दिलेली सूचना आहे. मार देऊन ती बंद पाडली की राग जात नाही, फक्त सूचना जाते. ‘काही कळायच्या आत चावला’ असं ज्यांच्याबद्दल ऐकू येतं, त्यांतल्या कित्येकांनी आधी अनेकदा कळवलेलं असतं. जिभेनं ओठ चाटले होते, तोंड फिरवलं होतं, डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवले होते, अंग ताठ करून थिजले होते.

‘कुत्रा घराबाहेर पडत नसेल तर लस कशाला? दरवर्षीचे डोस म्हणजे लूट.’

सगळ्या मेसेजमध्ये जीव घेणारा मुद्दा हाच.

पार्व्हो हा विषाणू १९७० च्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांत दिसू लागला आणि दोन-एक वर्षांत जगभर पसरला. पिल्लाला तो व्हायला दुसरा कुत्रा भेटावा लागत नाही. तुमचा बूट पुरतो. आजारी कुत्र्याच्या शीतून तो जमिनीवर पडतो, महिनोन्‌महिने टिकतो, आणि साध्या फिनेलनं मरेल याची खात्री नाही. ब्लीच लागतं, तेही आधी घाण धुऊन काढून. हा विषाणू शरीरात झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी धरतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. काल उड्या मारणारं पिल्लू आज खात नाही, संध्याकाळपासून उलट्या, मग रक्तमिश्रित जुलाब. त्याचा दर्प एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. आतडं उघडं पडलेलं आणि त्याच वेळी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपलेल्या. सलाईन लावून बरीच पिल्लं वाचतात. उपचार नसेल तर बहुतेक जातात.

‘एकच लस तीन-तीनदा का?’ हा प्रश्न रास्त आहे, उत्तरही आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळतं आणि तेच संरक्षण लशीलाही निकामी करतं. ते कोणत्या पिल्लात कोणत्या आठवड्यात ओसरेल, हे सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात, म्हणजे त्यांतला एक तरी योग्य वेळी पडतो. मधला डोस चुकवला तर नेमकी तीच खिडकी उघडी राहते.

‘दरवर्षी’बद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्याचा एक कण आहे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूंची लस मोठ्या कुत्र्याला दरवर्षी लागतेच असं नाही. कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जी जागतिक संघटना आहे (WSAVA), तिच्या मार्गदर्शनानुसार ती तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त देऊ नये. लेप्टोस्पायरोसिसची मात्र जिथे तो रोग आहे तिथे वर्षाला द्यावी लागते. तो उंदरांच्या मुतातून येतो आणि उंदीर तुमच्या परवानगीनं फिरत नाहीत. तेव्हा व्हेटला विचारा : कोणती लस, दर किती वर्षांनी, का. हा प्रश्न विचारल्यावर चिडणारा व्हेट बदला, लस सोडू नका.

रेबीजवर वादच नाही. लक्षणं दिसल्यावर हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो. माणसांत तो ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमार्फतच येतो आणि जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसं त्यानं दगावतात, असा अंदाज आहे. त्याची लस वेळापत्रकाप्रमाणे, न चुकता.

‘लाळेत औषध असतं, जखम चाटू द्या.’ ‘नाक कोरडं म्हणजे ताप.’

लाळेत जंतूंना थोडाफार आवर घालणारे घटक असतात, खरं. सोबत भरपूर जंतूही असतात, आणि सतत चाटणारी जीभ जखम घासत राहते. शस्त्रक्रियेचे टाके कुत्रा एका रात्रीत चाटून-ओढून उघडे करतो. गळ्यातला तो प्लास्टिकचा कोन पाहून ‘बिचारा’ म्हणत काढणाऱ्या माणसामुळे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते. नाक तर झोपेतून उठल्यावरही कोरडं असतं. ताप पाहायचा तर थर्मामीटर लावा, तोही गुदद्वारात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपल्या मानानं तो कायमच तापलेला.

‘गोचिडांवर लसूण, दुखण्यावर आपलीच गोळी अर्धी.’

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. हिरड्या फिक्या, लघवी गडद, कुत्रा मलूल, आणि घरचे म्हणतात ‘लसूण तर गेल्या आठवड्यात दिला होता’. गोचिडांना त्यानं काही फरक पडतो असं दिसलेलं नाही. रक्तानं फुगलेली गोचिडाची मादी अंगावरून गळून भिंतीच्या फटीत, गादीच्या शिवणीत हजारो अंडी घालते. पिसवांचंही तसंच : अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळा संसार अंडी-अळ्या-कोशांच्या रूपात घरात. म्हणून कुत्र्याला आंघोळ घालून प्रश्न सुटत नाही. औषध वजनाप्रमाणे, सलग काही महिने, आणि जोडीला अंथरूण कढत पाण्यात धुणं, फटी झाडणं. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध घरातल्या मांजराला लागलं तर ते मरू शकतं, हेही लक्षात असू द्या.

आपल्या गोळ्यांबद्दल : आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं. पॅरासिटामॉलनं यकृत जातं. अर्धी, पाव, चिमूटभर, काहीही आपल्या मनानं नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉलही याच यादीत. खाल्लं असं कळलं तर लक्षणांची वाट पाहू नका, वेष्टण हातात घेऊन दवाखाना गाठा. घरी मीठ पाजून उलटी काढू नका, ते मीठच जिवावर बेततं.

‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर ती आजारी पडते.’

एका वेतानं कोणताही आजार टळतो याला पुरावा नाही. नसबंदी न केल्यानं होणारा आजार मात्र ठाऊक आहे : गर्भाशयात पू होणं. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत दहा वर्षांच्या आत साधारण चौथा हिस्सा माद्यांना तो झालेला दिसला. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, खाणं टाकलं, तर थांबायचं नसतं, त्याच दिवशी दाखवायचं. पू बाहेर येतोच असं नाही. येत नाही तो प्रकार जास्त घातक.

नसबंदी कधी करायची यावर मात्र सरसकट उत्तर नाही. मोठ्या जातींत फार लवकर केली तर सांध्यांचे विकार वाढलेले काही अभ्यासांत दिसले आहेत. जात आणि वजन बघून व्हेटशी बोला. ‘लगेच उरका’ म्हणणाराही तितकाच उतावळा.

‘अंगण असेल तर फिरवायची गरज नाही.’

अंगणातले वास त्याचे पाठ असतात. त्याला चालण्याइतकंच हुंगणं लागतं. एकाच खांबाशी दोन मिनिटं थांबला म्हणून पट्टा ओढू नका, त्याच्यासाठीच तर निघालात ना?

खाण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा, असंही मेसेज सांगतो. ते बरोबर आहे.

‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात. दहा वर्षांचा झाला की मंदावणारच, त्रास देऊ नका.’

सातचा हिशेब कुठेच बसत नाही. वर्षाची कुत्री पिल्लं घालू शकते, सात वर्षांची मुलगी नाही. २०२० साली लॅब्राडोरांच्या डीएनएवरील खुणा मोजून काढलेल्या सूत्रानं वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीत बसतो आणि नंतर वेग कमी होत जातो. लहान जाती जास्त जगतात, अवाढव्य जाती लवकर जातात.

हिशेब चुकला तर बिघडत नाही. ‘मंदावणारच’ म्हणून सोडून देण्यानं बिघडतं. म्हातारपण हा आजार नाही, पण सांधेदुखी हा आजार आहे, आणि कुत्रा ती ओरडून सांगत नाही. तो गाडीत उडी मारायच्या आधी एकदा थबकतो. जिना चढतो, पण उतरताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो. बसताना एक पाय बाजूला पसरतो. एकाच मनगटाची लव सतत चाटून तांबूस करतो. मुलांनी कमरेला हात लावला की पहिल्यांदाच गुरगुरतो, आणि घरचे म्हणतात ‘चिडखोर झालाय हल्ली’.

वजन उतरवणं, गुळगुळीत फरशीवर रबरी चटया, एका लांब फेरीऐवजी तीन छोट्या आणि व्हेटनं दिलेली कुत्र्यांचीच वेदनाशामकं, एवढ्यानं बराच फरक पडतो. त्या गोळ्यांआधी आणि नंतर अधूनमधून मूत्रपिंड-यकृतासाठी रक्त तपासावं लागतं, ते टाळू नका. आणि दवाखान्यात नेताना एक करा. तिथल्या ताणात लंगडा कुत्राही चार पाय नीट टेकून चालून दाखवतो. तेव्हा घरीच, तो झोपेतून उठतानाची आणि जिना उतरतानाची अर्ध्या मिनिटाची क्लिप काढून सोबत न्या.