कलेक्टरचा वाढदिवस

शंभर फुटी रस्त्याच्या कोपऱ्यावर सध्या मी एका बैलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत उभा आहे. फ्लेक्स दहा बाय वीसचा. मधोमध बैल, खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी, त्यात शेवटच्या ओळीत सगळ्यात उजवीकडे मी. नावाच्या जागी नुसतं 'काका', आणि त्याखाली 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. मी बावन्न वर्षांचा आहे. एसटीचं अर्धं तिकीट ६५ नंतर मिळतं. ते मिळायला लागलं की खुशाल ज्येष्ठ म्हणा. त्याआधी म्हटलेलं मला चालत नाही.

शनिवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान होतं. विषय, 'किशोरवयीन मुले : भविष्य आणि आदर्श'. वक्ता मी, संयोजक मी, त्यामुळे फ्लेक्सचा खर्चही माझाच. तीन बाय दोनचा एक छोटा छापून घ्यावा म्हणून दुकानात गेलो, तर बाकावर, बाकाच्या पाठीवर आणि एकमेकांच्या मांडीवर मिळून अकरा पोरं बसलेली. सगळी पंधरा ते सतरातली.

"काका, वाईच थांबा हां," त्यातला टोपीवाला म्हणाला. "कलेक्टरचा वाढदिवस हाय."

मला खरंच भरून आलं. पोरं बिघडली म्हणतात, आणि इथे ही स्वतःच्या खिशातून जिल्हाधिकाऱ्यांचा वाढदिवस करताहेत! आमच्या वेळी सांगलीतल्या पोराचं भविष्य चार ओळीत संपायचं. वालचंदला इंजिनिअरिंग, नाहीतर मिरजेला मेडिकल, नाहीतर विलिंग्डनला बी.एस्सी., आणि तिन्ही हुकलं की मामाच्या ओळखीने एखाद्या सहकारी बँकेत. त्यातल्या काही बँका पुढे आमच्या आधीच निवृत्त झाल्या, तो भाग वेगळा. पण कलेक्टर वगैरे आमच्या स्वप्नातसुद्धा यायचा नाही. कौतुकाने मी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. कलेक्टरला शिंगं होती.

"खिलार हाय. शर्यतीचा. खरसुंडीच्या बाजारातनं आणलाय," टोपीवाल्याने माहिती पुरवली.

"वय काय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"चौसा."

म्हणजे चार दातांचा. बैलाचं वय दातांवर मोजतात, एवढं मला माहीत होतं. पण दातांवरून वाढदिवसाची तारीख कशी काढतात हे विचारायला गेलो, तेव्हा अकराही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

आता त्या डिझायनरबद्दल सांगायलाच हवं. वय एकोणीस-वीस, एका कानात इयरबड, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. मान वळवत नाही, डोळे वर करत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाला जे काम जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत असं वर्षानुवर्षं पुरतं, ते हा गृहस्थ कीबोर्डवर दोन बोटांनी करत होता.

"नाव झालं. पद?"

"पोलीस," पहिला म्हणाला.

"झालास?"

"होणार. उंची १६५ लागती, ती भरली. छाती ७९ पण भरली. फुगवून पाच सेंटिमीटर वाढाय पायजे, ती साडेतीनच वाढतीया."

"मग साडेतीन सेंटिमीटरचा पोलीस टाकू का?"

सगळे हसले, तोही हसला, आणि 'पोलीस' छापलं गेलं. पुढचा.

"अग्निवीर."

"चार वर्षांनी काय?"

"शंभरातली पंचवीसच ठिवत्यात. ऱ्हायलेली पंच्याहत्तर गावाकडं येणार. मग पंच्याहत्तर जण मिळून एक बैल घिऊ."

मला सांगा, २०२२ च्या जूनमध्ये ही योजना आल्यापासून टीव्हीवर किती तज्ज्ञांनी किती चर्चा केल्या असतील? नियमाप्रमाणे साडेसतरा पूर्ण झाल्याशिवाय ज्याला रांगेत उभंही राहता येत नाही, त्या पोराने परतीचं नियोजनसुद्धा करून ठेवलंय. माझ्या भाषणात 'मोठी स्वप्ने पाहा' असं एक वाक्य होतं. ते मी तिथेच, मनातल्या मनात, जरा खाली ढकललं.

"युवा उद्योजक," तिसरा म्हणाला.

"धंदा कसला?"

"बाची भडंगाची गाडी हाय."

"मग उद्योजक बा झाला."

"बा म्हातारा हाय. युवा मीच हाय न्हवं?"

यात चूक काढता येईना. डिझायनरने टाईप केलं. मग आला चष्मेवाला. अख्ख्या अकरात हा एकच जरा गप्प.

"पद?"

"अजून ठरलं न्हाय."

"मग सामाजिक कार्यकर्ता टाकतो. ज्यांचं ठरलेलं नसतं त्यांना आपण तेच टाकतो."

असं करत अकरा भवितव्यं चहा यायच्या आत निकालात निघाली. मी आपला व्याख्यात्याच्या सवयीने मध्ये पडलो. म्हटलं, "अरे, पण तुम्हाला मनापासून काय व्हावंसं वाटतं?" पोलीस म्हणाला, "काका, मनापास्नं तर ह्याचा ड्रायव्हरच व्हायचंय. पर शेतीवाल्याला आणि बैलवाल्याला पोरगी कोण देत न्हाय. नोकरी पायजे." सतराव्या वर्षी पोरीच्या बापाशी काय बोलायचं याची तयारी! आम्ही सतराव्या वर्षी आयर्विन पुलावर उभे राहून नदीत खडे मारत होतो आणि त्यालाच भविष्याचा विचार म्हणत होतो. मला हे पोर शहाणं वाटावं की कीव यावी, कळेना. रागच आला. कोणाचा, तेही सांगता येत नाही, कारण ज्यांचा यायला हवा ते सगळे त्याच फ्लेक्सवर वरच्या पट्टीत यायचे होते.

ती वरची पट्टी म्हणजे 'प्रेरणास्थान'. डिझायनरकडे तयार संच असतो. महापुरुष एका क्लिकमध्ये येतात. त्यांचे चेहरे बोराएवढे. त्याखाली आमच्या भागातले एक साहेब, कलिंगडाएवढे. मी म्हटलं, "बाळांनो, हे उलटं नाही का झालं?"

"महापुरुष काय करत न्हाईत काका," टोपीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "साहेबांचा फोटू बारका झाला तर मात्र सांच्याला फ्लेक्स उतरवत्यात."

मी सरसावलो. बेकायदा फ्लेक्सवर उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, आणि ती जनहित याचिका शेजारच्या साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने केली होती, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

"त्ये साताऱ्याचं झालं," युवा उद्योजक म्हणाला. "ही सांगली हाय."

साहेबांच्या शेजारी एक पांढरी गाय होती. ही कोण? तर कलेक्टरची आई. प्रेरणास्थानात ती एकटीच स्वतःच्या लायकीवर आलेली, असं माझं मत आहे.

"बरं, साहेबांचा आदर वाटतो म्हणून फोटो टाकलाय का?" मी खोदून विचारलं. शेवटी व्याख्यानाचा विषयच तो होता.

अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्नच कळला नव्हता. मग चष्मेवाला पहिल्यांदा नीट बोलला. "आदर कलेक्टरचा वाटतो. पळायचं तवा पळतो. हरला तर हरला. आणि भाषण करत न्हाय."

हे मला उद्देशून होतं असं नाही. पण लागलं.

त्याच्याकडूनच कळलं की सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा याच्या आजोबांच्या दावणीला एक पळणारा बैल होता. गावात लोकांनी मिळेल त्या भावाला बैल विकले. आजोबांनी विकला नाही. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी आली तेव्हा बैल म्हातारा झाला होता आणि आजोबाही. "म्हणजे आजोबांचा तुला आदर वाटतो," मी वहीत लिहून घ्यायच्या तयारीने म्हणालो.

"न्हाय. येडा हुता आज्जा. सात वर्सं फुकट वैरण घातली. पर बंदी उठणार म्हणायचा, ती उठली," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेला. वहीत काय लिहावं मला समजेना.

इतक्यात डिझायनरने आयुष्यात पहिल्यांदा मान वळवली. "अकरांनी जागा भरत नाही. सहा-सहाच्या दोन ओळी आहेत. एक खाना मोकळा दिसतोय."

बारा जणांची नजर माझ्यावर आली. मी नको नको म्हणेपर्यंत फोटो निघालासुद्धा. तोंड अर्धवट उघडं, कारण मी नको म्हणत होतो. माझं नाव कोणी विचारलं नाही. पद कोणी विचारलं नाही. वर टोपीवाल्याने हात पुढे केला. "शुभेच्छुकाचं दोनशे, काका. समद्यांनीच दिल्यात." मी दिले. पावती नाही. सतरा वर्षांच्या पोराला स्वतःचं भविष्य निवडायचे दोनशे, आणि मला ज्येष्ठ व्हायचेही दोनशेच. यात कुठेतरी सवलत असायला हवी होती.

त्यानंतर कुठे माझा नंबर लागला. मी मजकूर सांगितला. डिझायनरने तो टाकला आणि थांबला. "शुभेच्छुक कोण?"

"कोणी नाही. व्याख्यान आहे."

"फोटो?"

"फक्त विषय आणि वेळ."

"बघणार कोण मग?" हे त्याने उद्धटपणे विचारलं नाही, त्यामुळे जास्त राग आला. पोरं अजून दारात रेंगाळत होती. टोपीवाला तिथूनच ओरडला, "दादा, टाक रं कलेक्टरचा फोटू! काकांनी आपल्यावर टाकलाय, आपण त्यांच्यावर टाकू."

मी विरोध केला. पण फोटो उघडाच होता आणि डिझायनरला जेवायला जायचं होतं. त्यातल्या त्यात बैल कोपऱ्यात लहानसा घे, एवढी विनवणी मी केली. तो म्हणाला, "लहान केला तर शिंगं कापली जातात."

शनिवारी हॉल बऱ्यापैकी भरला. पुढच्या चार रांगा नेहमीच्या निवृत्तांच्या. आणि मागे चक्क पंधरा-वीस पोरं, अनोळखी, केस बाजूने बारीक केलेली, दोघातिघांच्या हातात भाकरीचं गाठोडं आणि गुळाचा खडा. गुळाचं मला नवल वाटलं, पण म्हटलं, असतील कष्टाळू घरची. मी 'भविष्य' या मुद्द्यावर आलो. पोरं दाराकडे बघत होती. मी 'आदर्श' या मुद्द्यावर आलो. तेव्हा मागून एकाने अदबीने हात वर केला. चला, प्रश्न तरी आला! मी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "विचार बाळ, निःसंकोच विचार."

"कलेक्टर किती वाजता येणार हाय?"