व्हॅन गॉग कुठे शिकला होता, ते सांगतो

प्रवेशाचे दिवस आले की एक मजकूर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. कला उपजत असते, शिकवून येत नाही. व्हॅन गॉग कुठल्या कॉलेजात गेला होता? स्टीव्ह जॉब्जने तर कॉलेज सोडलं. सगळं यूट्यूबवर फुकट आहे. डिझाइन म्हणजे दोन-तीन सॉफ्टवेअर, सहा महिन्यांत येतात. कॉलेजं सगळ्यांना एकाच साच्यात घालतात. डिग्री कोणी विचारत नाही, पोर्टफोलिओ (केलेल्या कामांचा संच) बघतात. आणि आता एआय आलंय, तेव्हा विद्यापीठात जाऊन कला आणि डिझाइन शिकणं म्हणजे वर्षं पाण्यात. शेवटी हात जोडलेली इमोजी.

यातली काही विधानं अर्धी खरी आहेत, म्हणून तर मजकूर इतकी वर्षं टिकून आहे. एकेक घेऊ.

व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याच वर्षी त्याने ब्रसेल्सच्या कला अकादमीत नाव घातलं. 1881 च्या अखेरीस हेगला अँटन मॉव्ह या नावाजलेल्या चित्रकाराकडे धडे घेतले. 1886 च्या सुरुवातीला अँटवर्पच्या अकादमीत दाखल झाला, तिथे मास्तरांशी वाजलं, मग पॅरिसला फर्नांड कॉर्मोंच्या स्टुडिओत. तिथेच तुलूझ-लोत्रेक आणि एमिल बर्नार्ड हे चित्रकार भेटले. मधल्या काळात शार्ल बार्ग यांच्या ड्रॉइंग कोर्सची पानंच्या पानं त्याने उतरवून काढली होती, आणि 1890 मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, तोच कोर्स त्याने भावाकडून पुन्हा मागवला. अकादमीशी त्याचं जमलं नाही हे खरं. पण मास्तरांशी भांडणं आणि मुळात न शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘उपजत’वाल्यांसाठी आणखी थोडं मागे जाऊ. 1400 च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने उमेदवारीचा हिशेब लिहून ठेवलाय. एक वर्ष नुसतं रेखाटन. सहा वर्षं उस्तादाच्या हाताखाली रंग घोटणं, सरस उकळणं, फळीला अस्तर चढवणं. त्यानंतर आणखी सहा वर्षं रंगकाम आणि भिंतीवरची चित्रं. एकूण तेरा! लिओनार्डोसुद्धा व्हेरोक्कियोच्या कार्यशाळेत असाच वाढला. 1563 मध्ये वासारीच्या पुढाकाराने फ्लोरेन्समध्ये अकादमी निघाली आणि उस्तादाच्या घराबाहेर कला शिकण्याची सोय झाली. आजचं विद्यापीठ हे त्याच वंशातलं लांबचं पोर. देणगी जन्मतः मिळते असं मानलं तरी ती हातात उतरायला वर्षं लागतात, हे त्या काळी कोणाला पटवून द्यावं लागत नव्हतं.

अपवाद आहेत, आणि ते झाकायचं कारण नाही. जपानी वास्तुकार तादाओ आंदोने वास्तुरचनेची पदवी घेतली नाही, तरी 1995 चं प्रित्झ्कर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. पण त्याने वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची रेखाटनं पुन्हा पुन्हा गिरवली, देशोदेशी इमारती बघत हिंडला. आणि 1997 मध्ये टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाला. शिकवणं निरर्थक वाटणारा माणूस हे पद घेत नाही.

जॉब्जचं उदाहरण तर मजकूर लिहिणाऱ्यावरच उलटतं. 1972 मध्ये त्याने रीड कॉलेजात प्रवेश घेतला आणि एका सत्रानंतर कॉलेज सोडलं, इथपर्यंत बरोबर. पुढचं मात्र नेहमी गाळलं जातं. कॉलेज सोडल्यावरही तो तिथेच राहून वर्गांना बसत होता, आणि त्यातला एक वर्ग होता रॉबर्ट पॅलाडिनो यांचा, सुलेखनाचा. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकातले सुबक फॉन्ट त्या वर्गातून आले, हे 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या पदवीदान समारंभात त्याने स्वतःच सांगितलं. म्हणजे डिग्री सोडली, वर्ग सोडला नाही.

आता यूट्यूब. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोकांना पटणारा मुद्दा हाच आहे.

माहिती फुकट आहे, मान्य. रंगचक्र, टायपोग्राफीचे नियम, पर्स्पेक्टिव्ह, सगळं उत्तम समजावून सांगणारे लोक आहेत, आणि कित्येक प्राध्यापकांपेक्षा ते बरं समजावतात. अडचण अशी की व्हिडिओ तुम्हाला दिसतो, व्हिडिओला तुम्ही दिसत नाही. तुमचं काम कुठे गंडलंय हे सांगायला समोर कोणी नसतं. आणि स्वतःला ते कळत असतं तर गंडलंच नसतं.

क्रिट, म्हणजे सगळ्यांसमोर होणारी कामाची चिकित्सा, हा प्रकार ज्याने अनुभवलेला नाही त्याच्यासाठी सांगतो. समजा रक्तदान शिबिराचं पोस्टर करायचं होतं. पंधरा जणांची पोस्टरं भिंतीला टाचलेली. जिचं पोस्टर आहे ती गप्प उभी, बोलायचं बाकीच्यांनी. एक जण म्हणतो, मला आधी तारीख दिसली, मग ठिकाण, हे कशाचं आहे ते शेवटी कळलं. दुसरी म्हणते, लांबून ते लाल थेंब मिरच्यांसारखे दिसतात. हशा पिकतो. मुलीला राहवत नाही, ती समजावू लागते की थेंबांचा आकार अमुक कल्पनेतून आला. सर शांतपणे विचारतात, तू प्रत्येक पोस्टरशेजारी उभी राहून हे सांगणार आहेस का? त्या रात्री ती तारीख लहान करते, थेंब काढून टाकते, ‘रक्तदान’ हा शब्द दहा पावलांवरून वाचता येतो का ते कॉरिडॉरमध्ये चिकटवून बघते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच भिंत. असं वर्षानुवर्षं चालतं. शेवटी इतरांचे डोळे आपल्या डोक्यात बसतात, आणि काम करतानाच कानाशी आवाज येतो, ‘मिरच्या’.

व्हिडिओखालच्या लाइक्समधून हे मिळत नाही. लाइक करणारा न आवडलेल्या कामाकडे बघतच नाही, पुढे सरकतो.

दुसरी गोष्ट हाताची. योझेफ आल्बर्स जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत शिकवत होते. 1933 मध्ये नाझींच्या दबावाखाली ती शाळा बंद पडल्यावर ते अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजला आणि पुढे येल विद्यापीठात गेले. त्यांचा रंगाचा एक अभ्यास आजही जगभर करवून घेतात. एकाच रंगाच्या कागदाचे दोन तुकडे दोन वेगळ्या रंगांच्या कागदांवर असे ठेवायचे की ते दोन निराळे रंग वाटले पाहिजेत. रंग कालवायचे नाहीत, कागदच वापरायचा, कारण कागदाचा रंग कणभरही बदलत नाही. जे बदलतं ते फक्त शेजाऱ्यामुळे, अशी खात्री असते. व्हिडिओत हे चाळीस सेकंदांत दिसतं आणि आपण ‘अरे वा’ म्हणतो. स्वतः करायला बसलात की कळतं. मळकट हिरवा तुकडा पिवळ्यावर ठेवला, काही होत नाही. निळ्यावर ठेवला, थोडं होतं. कागदांचे ढीग उपसण्यात अख्खी दुपार जाते. एकदाचं जमतं, ट्यूबलाइटखाली झकास दिसतं, आणि सकाळी उन्हात नेलं की जादू गायब. रंगाबद्दलची नम्रता त्या सकाळी येते. स्क्रीनवर ती कशी येणार, जिथे प्रत्येकाची ब्राइटनेस वेगळी?

‘डिझाइन म्हणजे सॉफ्टवेअर.’ 1985 मध्ये पानं मांडायचं पेजमेकर आलं तेव्हा पेजमेकर येणारा राजा होता. मग क्वार्कचा जमाना. वेबवरच्या अ‍ॅनिमेशनसाठीचं फ्लॅश शिकून कित्येकांनी करिअर उभं केलं, आणि 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीने त्याचा आधार काढून घेतला. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं हे खरंच आहे, जातंही तसंच. चांगल्या अभ्यासक्रमात ते शिकवण्यावर फार वेळ घालवत नाहीत, विद्यार्थी एकमेकांकडून उचलतात.

सॉफ्टवेअर येऊनही डिझाइन कसं फसतं याचा नमुना अमेरिकेच्या 2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत आहे. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिका दोन पानी केली होती. हेतू चांगला: वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, आणि त्यामुळे नावं एका पानात मावेनात. मग ती डाव्या-उजव्या पानांवर विभागली आणि भोकं पाडायची रांग मधोमध घेतली. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण वरून दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं होतं, गोर यांचं तिसरं. ब्यूकॅनन यांना त्या काउंटीत तीन हजारांवर मतं पडली, आणि यातली बरीच आपली नसावीत हे त्यांनी स्वतः मान्य केलं. फ्लोरिडाचा निकाल बुश यांच्या बाजूने लागला, 537 मतांच्या फरकाने. यात कुठलं बटण दाबायचं हे न कळल्यामुळे काही बिघडलं नव्हतं. ती पत्रिका छपाईआधी दहा अनोळखी लोकांसमोर ठेवून त्यांचं बोट कुठे जातं हे कोणी बघितलं नाही. डिझाइनच्या पहिल्या वर्षात हेच डोक्यात भरवतात, कंटाळा येईपर्यंत.

साच्याचा आरोप मला अर्धा मान्य आहे. पदवी प्रदर्शनांत फिरलात तर एका वर्षी सगळीकडे त्याच जाडजूड अक्षरांची लाट असते, दुसऱ्या वर्षी सगळीकडे तेच फिके रंग. संस्था चुकाही घोर करतात. बाउहाउसने 1919 मध्ये स्त्री-पुरुष समानतेची भाषा केली आणि प्रत्यक्षात मुलींना बहुतेक विणकामाच्या कार्यशाळेत ढकललं. 1922 मध्ये आलेली अ‍ॅनी (पुढे आल्बर्सशी लग्न झालं) तशीच नाइलाजाने मागापाशी पोचली. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिच्या विणकामाचं एकल प्रदर्शन भरवलं. याचं श्रेय त्या ढकलण्याला द्यायचं नाही. पण माग, सूत, शिकवणारे आणि वेळ हे सगळं तिथे होतं, घरी बसून मिळालं नसतं. आणि एकसारखं दिसण्याचंच बोलायचं तर इंटरनेटवर एकट्याने शिकणाऱ्यांच्या कामात साचा कमी असतो म्हणता? सगळे तेच वीस रेफरन्स बघतात.

‘डिग्री कोणी विचारत नाही.’ खरंय, मार्क तर कोणीच विचारत नाही. पोर्टफोलिओ बघायचं काम माझ्याकडे येतं, मीही विचारत नाही. पण बघताना काय शोधतो ते सांगतो. चकचकीत शेवटचं चित्र सगळ्यांकडे असतं. एखाद्या बड्या ब्रँडचा लोगो स्वतःच बदलून दाखवलेला असतो, ज्याला ना ग्राहक, ना मुदत, ना छपाईची मर्यादा. मी विचारतो, आधीचे सहा प्रयत्न कुठे आहेत? कोणी नाकारलं होतं? का? स्वतः शिकलेल्या काही जणांकडे याची फार सुंदर उत्तरं असतात. बहुतेकांकडे नसतात, कारण त्यांना न आवडणारं काम कोणी दिलेलंच नसतं. शिवाय जिथे कायदा आडवा येतो तिथे डिग्री विचारतातच: अनेक देशांत पदवी आणि नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही.

आणि ओळखी. मार्गारेट कॅल्व्हर्ट चेल्सीच्या कला महाविद्यालयात शिकत होती, जॉक किनीर तिथे शिकवायला येत. गॅटविक विमानतळाच्या पाट्यांचं काम आलं तेव्हा त्यांनी तिला मदतीला घेतलं. पुढे दोघांनी मिळून ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्या नव्याने घडवल्या. 1965 पासून त्या लागल्या, आजही आहेत. किनीरनी तिचा पोर्टफोलिओ मागवला नव्हता, तिला काम करताना बघितलं होतं.

एआयबद्दल थोडक्यात. नुसती जागा भरायची चित्रं, बॅनर, झटपट लोगो ही कामं जातायत, त्यात खोटा दिलासा नको. पण मिनिटाला पन्नास लेआउट मिळू लागले की प्रश्न उरतो, यातला कुठला आणि का? पाम बीचच्या मतपत्रिकेचेही पन्नास नमुने मिळाले असते. त्यातला फसवा ओळखायला भिंतीसमोर उभं राहिलेला डोळा लागतो.

फिरत्या मजकुरात एक गोष्ट मात्र कुठेच नसते, आणि खरी भीती तीच आहे: फी. कर्ज डोक्यावर घेऊन वाईट संस्थेत जाणं हा खराखुरा वेडेपणा आहे, आणि वाईट संस्था भरपूर आहेत. तेव्हा प्रवेशाआधी जाऊन बघा. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, ते विचारा. कार्यशाळा संध्याकाळी उघडी असते की पाचला कुलूप लागतं? शिकवणारे स्वतः काम करतात का? स्वागतकक्षात मांडलेली अंतिम वर्षाची कामं सोडा, थेट पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत जा. भिंतींवर अर्धवट, खोडलेली, टाचण्यांनी भोकं पडलेली कामं असतील तर बसून मुलांशी बोला. भिंती कोऱ्या असतील तर फी कितीही कमी असो, दुसरीकडे चौकशी करा.