बैठकीनंतरचे फोन कोण करणार?

हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या गणनेला मी बरीच वर्षं जाते. आमच्या गटाकडे एक जलाशय, शेजारच्या गटाकडे दुसरा, मधे काही किलोमीटर शेती. आम्ही शनिवारी उजाडता उजाडता मोजायचो, ते रविवारी. एका वर्षी दोन्हीकडचे तक्ते शेजारी ठेवले आणि पट्टकदंबांच्या रकान्यावर नजर अडकली. आकडे जवळजवळ सारखे. हे हंस संध्याकाळी-पहाटे शेतात चरतात, दिवसा पाण्यावर विसावतात. आज या पाण्यावर, तर उद्या त्या. आम्ही शनिवारी मोजलेला थवाच त्यांनी रविवारी मोजला होता, आणि वरच्या बेरजेत तो दोनदा गेला होता. असं किती वर्षं चाललं होतं, देव जाणे.

कुणीही कामचुकारपणा केला नव्हता. दोन्ही गट थंडीत कुडकुडत, पदरमोड करून, मनापासून मोजत होते. फक्त या दोघांना फोन करून ‘तुम्ही एकाच दिवशी मोजा’ असं सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. पक्षी-संवर्धनातल्या भागीदाऱ्यांबद्दल माझं जे काही मत आहे, ते त्या दोन तक्त्यांपासून सुरू होतं.

भागीदारी म्हटलं की आपल्याला बैठक आठवते. व्यासपीठ, मोठा फलक, सह्या, सामूहिक फोटो. पुढच्या बैठकीत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं, की झालं. मधल्या अकरा महिन्यांत काय होतं? माझ्या अनुभवात, काहीही होत नाही. प्रत्येकाला आपापली नोकरी आहे, आपापली संस्था आहे. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

त्याआधीचा प्रश्न, ‘प्रदेश’ म्हणजे नेमका कोणता? आपण पटकन जिल्हा धरतो, कारण कार्यालयं जिल्ह्याची असतात. पट्टकदंबाला जिल्हा कळत नाही. तो मंगोलिया, तिबेटकडच्या उंच तळ्यांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून हिवाळ्याला भारतात उतरतो. त्याच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गात ३० देश येतात. स्थलांतरित प्राण्यांसाठी १९७९ साली बॉनमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच करारातल्या देशांनी २०२४ मध्ये समरकंदला या उड्डाणमार्गासाठी स्वतंत्र उपक्रम मान्य केला आणि त्याचा समन्वय कक्ष भारतात असेल असं ठरलं. ही मोठी गोष्ट आहे, मला तिचा मनापासून आनंद झाला. पण ३० देशांच्या पातळीवर माझ्या दोन जलाशयांमधला फोन होणार नाही. उड्डाणमार्ग फार मोठा आणि एकटं तळं फार लहान. खरं काम मधल्या पातळीवर होतं. एखादं नदीखोरं घ्या, पाणथळ जागांचा एखादा पट्टा घ्या. तिथली माणसं सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू शकतील एवढाच तो असावा.

ही मधली पातळी उत्तर अमेरिकेत फार विचारपूर्वक उभी केलेली दिसते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली बदकं झपाट्याने कमी झाली. दुष्काळ होता आणि शेतीसाठी पाणथळ जागा आटवणं चालूच होतं. १९८६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने एकत्र आराखडा केला, १९९४ मध्ये मेक्सिको त्यात आला. आराखडा खंडाचा, पण तो राबवायला प्रदेशवार भागीदाऱ्या केल्या. सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था, शेतकरी, उद्योग यांचं एक मंडळ असतं. शिवाय ज्याचं कामच समन्वय आहे असा एक माणूस असतो, आणि कुठे किती अधिवास लागेल हे सांगणारे अभ्यासक असतात. या भागीदाऱ्यांना कुणावर सक्ती करण्याचा अधिकार नाही. मला वाटतं तेच त्यांचं बळ आहे. दंड करता येत नाही म्हटल्यावर समोरच्याशी बोलावंच लागतं.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्याचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथल्या मूळ पाणथळ जागांपैकी ९० टक्क्यांहून जास्त नष्ट झाल्या आहेत. उरली आहे ती भातशेती. पूर्वी शेतकरी कापणीनंतर पेंढा जाळायचे. १९९१ मध्ये त्यावर टप्प्याटप्प्याने बंधनं आणणारा कायदा झाला, तेव्हा पेंढा कुजवायला अनेकजण हिवाळ्यात शेतात पाणी सोडू लागले. बदकं उतरली. पण चिखलात भक्ष्य टिपणाऱ्या तुतारी, चिखल्या अशा पक्ष्यांना जेमतेम काही बोटं खोल पाणी लागतं, आणि तेही नेमक्या त्यांच्या प्रवासाच्या आठवड्यांत. तेव्हा नेमकी शेतं कोरडी व्हायची. २०१४ पासून तिथे एक वेगळाच लिलाव सुरू झाला. हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या नोंदींवरून पक्षी कधी, कुठे येतील याचा अंदाज बांधायचा आणि शेतकऱ्यांना विचारायचं: एवढे आठवडे शेतात उथळ पाणी ठेवाल का, त्याचे किती घ्याल? ज्याचा भाव परवडतो आणि ज्याचं शेत योग्य जागी आहे, त्याच्याशी व्यवहार. जमीन विकत घ्यायची नाही, पाणथळ जागा काही आठवड्यांपुरती भाड्याने घ्यायची. गणना करणाऱ्या माणसाची नोंद शेतातल्या पाण्यापर्यंत पोचते, हे वाचताना मला भरून आलं होतं. आपल्या नोंदींचं पुढे काय होतं, हा प्रश्न घेऊन मी कित्येक पहाटे काढल्या आहेत.

दुसरी गोष्ट, जमीन ज्याची त्याला खुर्ची पहिली. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी दर शरद ऋतूत अमूर ससाणे लाखोंनी उतरतात आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. २०१२ मध्ये तिथे मासेमारीची जाळी उंच बांधून हजारो ससाणे पकडले जात असल्याचं जगासमोर आलं. जमीन गावांची होती, निर्णयही गावांचाच असणार होता. संस्था, वनखातं, चर्च सगळे बोलायला बसले ते गावांबरोबर. पुढच्याच हंगामात शिकार थांबली. २०१३ मध्ये उपग्रह-टॅग लावून तीन ससाणे सोडले. त्यांची नावं नागा, पांगती आणि वोखा. पांगती हे तिथल्याच गावाचं नाव. आपल्या गावाचं नाव घेऊन एक पक्षी आफ्रिकेत पोचला, हे कळल्यावर त्या गावात काय वाटलं असेल!

आणि खुर्च्या फक्त पक्षीवाल्यांनी भरायच्या नाहीत. गिधाडांनी हे शिकवलं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी जनावरांसाठी ते बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. २०१५ मध्ये भारतात इंजेक्शनची बाटली ३ मिलिलीटरपुरती मर्यादित करावी लागली. २०११ मध्ये देशोदेशीच्या संस्थांनी गिधाडं वाचवण्यासाठी ‘सेव्ह’ हा समूह केला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्यात आहे. त्यांनी आखलेली गिधाड-सुरक्षित क्षेत्रं साधारण १०० किलोमीटर त्रिज्येची असतात, कारण गिधाड अन्नासाठी तेवढं फिरतं. एवढ्या वर्तुळात खरी भेट घ्यायची असते ती पशुवैद्याची, औषध-दुकानदाराची आणि गुरं पाळणाऱ्याची.

पैशाबद्दल थोडंच. प्रकल्पाला निधी मिळतो, समन्वयाला मिळत नाही. फलकाला, टोप्यांना, पुस्तिकेला पैसे निघतात. वर्षभर फोन करणाऱ्या माणसाच्या मानधनाचा विषय निघाला की खोलीत शांतता. मी अशा बैठकीत बसले आहे. ‘ते काय, कुणीही करेल’ असं एकजण म्हणाले आणि विषय संपला. वर्षभरात ती भागीदारीही संपली. श्रेयाच्या भांडणाने भागीदाऱ्या मोडतात असं म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक नुसत्या विसरून गेल्या.

आमच्या दोन जलाशयांचं सांगायचं राहिलं. दोन्ही गटांनी वर्गणी काढली. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने समन्वयाचं काम घेतलं, नाममात्र मानधनावर, पण मानधन घेऊनच. हा आग्रह आम्ही धरला. आता एकच रविवार, एकच वेळ, एकच तक्ता. पहिल्या वर्षी पट्टकदंबांचा आकडा बराच खाली आला. काहींना वाईट वाटलं. बाईंनी तो तसाच पाठवला.

मागच्या हिवाळ्यात स्कोप लावून बसलो होतो. धुकं नुकतं विरत होतं. फोन वाजला. पलीकडच्या काठावरून बाई होत्या. “मोठा थवा तुमच्याकडे निघालाय. आमच्याकडे मोजून झालाय, तुम्ही धरू नका.” दोन-तीन मिनिटांत आवाज आला, मग ते दिसले, तिरक्या रांगेत, अगदी डोक्यावरून. आम्ही सहाजण पेनं खाली ठेवून नुसते वर बघत राहिलो.