तळमजल्यावरचा कॉलम कोणाचा?

घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ला सकाळी कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात कॉलमना, म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या खांबांना, धक्का लावला, असा रहिवाशांचा आरोप होता. एवढं होऊनही दुकान किंवा जिम करायला निघालेल्या माणसाकडून "हा कॉलम मधे येतोय, जरा बारीक करता येईल का?" हे आजही ऐकावं लागतं. संताप येतो. अहो, वरच्या सगळ्या घरांचा भार त्याच्यावर आहे!

स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा फुटिंगवर, म्हणजे त्याच्या पायावर, आणि तिथून जमिनीत. सगळ्यात वरच्या मजल्याचा कॉलम फक्त गच्ची पेलतो, तळमजल्याचा मात्र वरचे सगळे मजले. तो छिलला म्हणून भार कमी होत नाही. तो शेजारच्या कॉलमवर सरकतो, आणि त्याचं डिझाइन या जादा भारासाठी केलेलं असेलच असं नाही.

त्यात कॉलमच्या आतल्या रिंगांकडे तर कोणाचं लक्षच नसतं. दाबाखाली कॉलमच्या उभ्या सळया बाहेर वाकू पाहतात. त्यांना आवळून धरतात त्या या बारीक रिंगा. पाइपसाठी कॉलमला खाच पाडताना त्याच आधी कापल्या जातात. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत तर कॉलमच नसतात, भिंतीच भार घेतात. तिथे "हॉल मोठा करू" म्हणून भिंत पाडणं म्हणजे वरच्या कुटुंबाच्या जिवाशी खेळ.

गळतीचंही तेच. पाणी आत मुरून गंज चढला की सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. आपण त्याखाली पीओपीचं छत लावतो आणि तडा दिसेनासा झाला की निर्धास्त होतो.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सांगितलं आहे. पण ऑडिटर आला की तळमजल्याचे गाळे बंद असतात, आणि कमिटीही चावी मागायला संकोचते. माझं स्पष्ट मत आहे, गाळे आतून बघितल्याशिवाय कमिटीने तो रिपोर्ट स्वीकारूच नये. गाळा मालकाचा असेल, कॉलम सगळ्या इमारतीचा आहे. काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू झालाय असं कळलं तर त्याच दिवशी काम थांबवायला सांगा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या. शेजारी नाराज झाला तरी चालेल.